पाऊण फेरा

८ फेब्रुवारी, शनिवार

सात महिने ही वही कोरी राहिली. माफी मागायची तर आधी कारण सांगायला हवं, आणि कारण माझ्या उजव्या मनगटात आहे : धातूची एक पट्टी आणि सात स्क्रू. शेवटची नोंद आधीच्या वहीत, ६ जुलैची. ७ जुलैला बल्ब बदलायला स्टुलावर चढले, पाय निसटला आणि सगळं अंग हातावर आलं. मधे डाव्या हाताने लिहून बघितलं, पण ते माझं मलाच वाचता येईना. आजची अक्षरंही ओळ सोडून पळताहेत, पण निदान कुठलं अक्षर आहे ते कळतं.

आज लिहायला बसले कारण एक निर्णय घ्यायचाय, आणि कागदावर मांडल्याशिवाय मी स्वतःला फसवतेय की नाही ते मला समजत नाही.

माझं काम वजनं-मापं तपासायचं. दुकानं, गोदामं, वखारी फिरायच्या आणि तिथले काटे खरं बोलतात का ते बघायचं. बावीस वर्षं हेच केलं, त्यातली सोळा माझ्या मोटरसायकलवरून, मागे प्रमाण वजनांची पेटी बांधून. आता साहेबांनी विचारलंय, फिरती परत घेणार की टेबलावर बसणार? सोमवारी, १७ तारखेला, लेखी द्यायचं. टेबल घेतलं की निवृत्तीपर्यंत टेबल. गेलेली फिरती परत मिळालेला माणूस मी आमच्या ऑफिसात पाहिलेला नाही.

साहेब म्हणाले, "बाई, तुमच्यावर सोडतो. पण जरा स्वतःचाही विचार करा." डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. गाडीचं तुम्हीच ठरवा." नवरा म्हणाला, "तुला वाटेल तसं." सगळ्यांनी माझ्यावरच सोडलंय, आणि सगळ्यांचा आवाज मात्र आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा.

एक गोष्ट मला कुणीतरी समजावून सांगावी. मी गाडीवरून पडले नाही. सोळा वर्षांत एकदाही नाही. मी स्टुलावरून पडले. मग सात महिने या घरात "आता गाडीचं काय करायचं" अशी चर्चा का चाललीय? स्टुलाचं काय करायचं, हे कुणीच विचारलं नाही.

म्हणून ठरवलंय. उद्या गाडीचं तेल आणि फिल्टर मी बदलणार. नेहमीसारखं, घरी, माझ्या हातांनी. जमलं तर फिरती, नाही जमलं तर टेबल. एवढ्या गोष्टीचा निकाल एका पत्र्याच्या डब्यावर लावणं बरोबर आहे का? बहुधा नाही. पण दुसरं माप माझ्याजवळ नाही.


९ फेब्रुवारी, रविवार

इंजिनाखालचा बोल्ट सुटला. जुनं तेल काळं, सात महिने मुरलेलं. ते घमेल्यात पडताना बघून मला उगाचच बरं वाटलं. इथवर छान.

फिल्टर सुटला नाही.

तो मुठीएवढा डबा, इंजिनाच्या पुढच्या अंगाला बरणीच्या झाकणासारखा फिरवून बसवलेला असतो. हाताने बसवायचा असतो, म्हणजे हातानेच निघायला हवा. मी उजव्या हाताने धरला. हात डब्यावर होता, पण पकड कुठेच नव्हती. डाव्याने प्रयत्न केला. डाव्यात जोर आहे, पण तिथे तो वळत नाही. शेवटी दोन्ही हातांनी धरून बसले, गाडीच्या गळ्यात पडल्यासारखी.

सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरणी असती तर मी केव्हाच उघडली असती."

"आई, ही बरणी नाही."

"झाकण ते झाकण. गरम पाण्याचं फडकं गुंडाळ. लोखंड तापलं की सैल पडतं."

खरं तर इंजिन चालू करून गरम करायला हवं होतं, पण तेल मी आधीच काढून टाकलेलं. घाई केली. त्यांनी स्वतः पाणी तापवून आणलं. फडक्याने माझा तळवा छान शेकला. फिल्टर थंडच.

पट्ट्याचा पाना शोधला. डब्याभोवती पट्टा आवळून दांड्याने फिरवायचा, अशी साधी वस्तू. हत्यारांच्या पेटीत त्याची जागा ठरलेली आहे, आणि ती रिकामी आहे. मी वस्तू जागेवरून हलवत नाही. हलवलीच असेल तर आठवत नाही. भूल दिल्याने विसरायला होतं म्हणतात, सात महिन्यांनीही?

हा, म्हणजे नवरा, मागे उभा होता. "राहू दे ना. मिस्त्रीला बोलावतो."

"मिस्त्री माझ्याऐवजी फिरतीवर जाणारे का?"

त्याने घमेलं उचलून बाजूला ठेवलं. हल्ली मी उचलणार तेवढ्यात तो उचलतो. कृतज्ञ असायला हवं. मला राग येतो, आणि मग रागाचीही लाज वाटते.


११ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायामाच्या दवाखान्यात मुठीचा जोर मोजतात. एक दांडा आवळायचा, काटा आकडा दाखवतो. डावा सव्वीस किलो. उजवा तेरा.

"काकू, प्रगती आहे बरं का," व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली. ती माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असेल आणि काकू म्हणण्यात कंजुषी करत नाही. "मागच्या वेळी अकरा होते."

मी विचारलं, "हे यंत्र शेवटचं कधी तपासलं?"

"म्हणजे?"

"काटा शून्यावर नाही. अर्धा किलो पुढे आहे. म्हणजे तेरा नाहीत, साडेबारा."

"काकू, तुम्ही तुमचाच अर्धा किलो कमी करताय."

बरोबर होतं तिचं. पण खोटा अर्धा किलो घेऊन मी घरी कशी येऊ?


१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मी वाईट वागले असेन. की नसेन. लिहून बघते.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. जूनअखेर त्याने माझ्या गाडीची साखळी बदलली होती. दोन दिवस डोक्यात घोळत होतं की फिल्टर त्यानेच परत आवळला असणार. हे लोक लांब दांड्याचा पाना लावतात आणि वर पाय देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"ताई, मी साखळी बदलली. फिल्टरला हात लावला नाही."

"मग इतका घट्ट कसा?"

"ते बसवणाऱ्याला विचारा. मी आवळला असता तर सांगितलं असतं. लाज कसली?"

मी म्हटलं, "हे बघा, माझं आयुष्य असलीच उत्तरं ऐकण्यात गेलंय. प्रत्येक दुकानदार काट्याला हात लावला नाही म्हणतो."

त्याचा चेहरा उतरला. शेजारच्या बाकावर दोन गिऱ्हाईकं बसली होती, तीही ऐकत होती. तो हळूच म्हणाला, "गाडी इथे आणा, मी काढून देतो."

"नको. मीच काढणार."

येताना वाटलं, ठणकावून बोलले ते बरं झालं. आता लिहिताना वाटतं, माझ्याजवळ पुरावा काय होता? पुराव्याशिवाय मी एकाही दुकानाचा काटा जप्त केलेला नाही.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाना सापडला! माळ्यावर.

ऑफिसातून लवकर आले. पेटी, कपाटं, जिन्याखालची जागा, सगळं पालथं घातलं. राहिला माळा. शिडी लावली. सासूबाई खालून ओरडत होत्या, "पडशील! परत पडशील आणि मला बोल लागेल!" वर गाद्यांच्या मागे आधी ते स्टूल दिसलं. तेच. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, शिक्षा केल्यासारखं. तेव्हा लक्षात आलं की जुलैपासून ते मला घरात दिसलंच नव्हतं. आणि स्टुलावर, याच्या जुन्या मफलरमध्ये नीट गुंडाळलेला, माझा पट्ट्याचा पाना.

मीच ठेवला असणार. हातात प्लास्टर असताना कधीतरी पसारा नको म्हणून. प्लास्टर घेऊन मी माळ्यावर कशी चढले, ते मात्र आठवत नाही.

हा घरी आला तेव्हा पाना टेबलावर होता. तो बघत उभा राहिला. मी म्हटलं, "बघ, किती विसरभोळी झालेय मी. माळ्यावर ठेवला होता."

तो म्हणाला, "तू नाही विसरभोळी."

"मग?"

"चहा टाकतो," म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. चहात साखर दोनदा घातली.

पाना लावण्याआधी एक काम केलं. फिल्टरचा डबा आणि इंजिन जिथे मिळतात तिथे पांढऱ्या पेन्सिलने एक आडवी रेघ मारली, अर्धी डब्यावर, अर्धी इंजिनावर. डबा केसाएवढा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. जोर लावणाऱ्याला नेहमी वाटतं हललं म्हणून. रेघेला तसं वाटत नाही.

पट्टा आवळला आणि दांड्यावर दोन्ही हातांनी भार टाकला. पट्टा घसरला. पट्ट्याखाली खरकागद घातला, आता नाही घसरला. डबाच चेपला, मधोमध, लाथ मारलेल्या पिंपासारखा. मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली.

रेघ अख्खी.


१५ फेब्रुवारी, शनिवार

काय झालं ते आधी लिहिते, मग मला काय वाटलं ते.

सकाळी जाड पेचकस घेतला आणि हातोडीने डब्यातून आरपार ठोकला. हा शेवटचा उपाय, पेचकसाच्या दोन्ही टोकांना धरून सुकाणूसारखं फिरवायचं. भोक पडलं की माघार नाही. मग गाडी सुरू करता येत नाही, कुठे चालवत नेता येत नाही. हे मला माहीत होतं. माहीत असूनच ठोकलं.

फिरवला. पत्रा कागदासारखा फाटत गेला. डबा फाटून हातात आला, आत घड्या घातलेला चिकट कागद. आणि इंजिनाला चिकटून राहिली फिल्टरची जाड, गोल बूड-चकती. धरायला काहीच नाही. चकती जागची हललीही नाही.

हा धावत बाहेर आला. माझ्या हातांवर काळं तेल होतं, तो ते काय समजला देव जाणे. पांढराफटक पडला होता. "कुठे लागलं? कुठे लागलं तुला?"

"तेल आहे रे."

तो पायरीवरच बसला. मग म्हणाला, "ते टेबलाचं काम इतकं वाईट आहे का?"

"वाईट नाहीये. पण मी ते मागितलेलं नाहीये."

आत येऊन हात धुतले. मनात टेबल जवळजवळ घेऊनच टाकलं होतं. नियम माझाच होता : नाही जमलं तर टेबल. फिरतीची वर्षं मोजून ठेवावीत म्हणून जुन्या वह्या काढल्या. मोजताना गेल्या जूनची पानं उघडली, आणि माझंच तेव्हाचं ताठ, सरळ अक्षर समोर आलं. जसंच्या तसं उतरवते.

"१५ जून. तेल व फिल्टर बदलला. हाताने घट्ट केला, वर पाऊण फेरा, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. जेवणानंतर खात्री म्हणून पट्ट्याच्या पान्याने थोडा आणखी. झोपण्यापूर्वी पुन्हा पाहिला, किंचित बसला."

"१६ जून. सकाळी फिल्टर तपासला. पाव फेरा घेतला. आता काळजी नाही."

"१८ जून. वाटेत शंका आली म्हणून वखारीच्या आवारात थांबून पुन्हा आवळला."

मी वही मिटली. परत उघडली. तेच होतं.

कुलूप लावून तीनदा ओढून बघते, गॅस बंद करून दोनदा परत येते, तसंच हे. आमच्या खात्यात प्रत्येक वजन दोनदा तपासतात आणि त्यासाठी मला शाबासकी मिळते. फिल्टर तपासला जात नाही, आवळला जातो, एवढा साधा फरक मला कळला नाही. मिस्त्री खरं बोलत होता. आठवडाभर मी ज्या राक्षसाशी झुंजतेय, तो गेल्या जूनमधली मी आहे. धट्टाकट्टा हात, आणि कशावरच विश्वास नाही.

लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण आधी हसू आलं, इतकं की सासूबाई विचारायला आल्या.

नाही. टेबल नाही घ्यायचं अजून. अख्ख्या हाताने जे बिघडवलं ते निकामी हाताने का निस्तरू नये? उलट तिला, त्या जूनमधल्या बाईला, दाखवायलाच हवं.


१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आधी मिस्त्रीकडे. तो दुकान उघडत होता. बुधवारची दोन्ही गिऱ्हाईकं नव्हती, म्हणून माफी अर्धवटच वाटली. चारचौघांत बोलले ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं होतं. तसं त्याला सांगितलंही.

"फिल्टर मीच आवळला होता. चार वेळा. वहीत लिहिलंय. तुमच्यावर उगाच आळ घेतला."

त्याने शटर अर्ध्यावर सोडलं. "तुम्ही? या हाताने?"

"याच."

"मग पडण्याआधी कुस्ती खेळत होता का, ताई?" आणि असा हसला की माझा अर्धा अपराध तिथेच उतरला. मग गंभीर झाला. "बूड राहिलंय ना? येऊ का मी?"

"नको. कसं काढायचं ते सांगा."

त्याने जमिनीवर खडूने गोल काढून दाखवलं. छिन्नी चकतीच्या कडेला तिरकी टेकवायची, सुटायच्या दिशेने. जोरात एक घाव नाही, हलके पुष्कळ. इंजिनाचा सपाट भाग, जिथे रबराचं कडं टेकतं, तिथे ओरखडा पडला तर इंजिन कायमचं गळणार. "घाई केलीत तर माझ्याकडे या आणि माझ्यावर आळ घ्या," म्हणाला आणि स्वतःची बारीक छिन्नी दिली.

घरी आले. उजव्या हातात हातोडी पेलत नाही, म्हणून हातोडी डाव्यात, छिन्नी उजव्यात. म्हणजे प्रत्येक घाव मनगटातल्या पट्टीवर. चकतीवरून इंजिनावर नवी रेघ मारली.

हा दिवा घेऊन शेजारी बसला. मी बोलावलं नव्हतं.

दहा घाव. रेघ अख्खी. वीस. सासूबाई दारातून मोजत होत्या, मोठ्याने. तिसाव्याला छिन्नी घसरली. सपाट भाग वाचला, ओरखडा चकतीवरच होता.

"छिन्नी मी धरतो," हा म्हणाला.

"नाही."

"अगं, हात थरथरतोय तुझा."

"दिवाही थरथरतोय."

मग त्याने दिवा दोन्ही हातांनी धरला. मी छिन्नीच्या दांड्याला फडकं गुंडाळलं, गरम पाण्याचं, गेल्या रविवारचं तेच, कारण ओलं फडकं निसटत नाही हे आता कळलं होतं. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं फुकट गेलं नाही. पुन्हा सुरू केलं. चाळीस. एक्केचाळीस.

"तुटली," हा म्हणाला.

"काय?"

"रेघ. रेघ तुटली."

मी वाकून बघितलं. जोर लावणाऱ्याचा भास नव्हता. चकतीवरची अर्धी रेघ इंजिनावरच्या रेघेपासून केसाएवढी बाजूला सरकली होती. आणखी पाच घाव, मग बोटभर, मग चकती बोटांनी फिरायला लागली. उजव्या हाताच्या बोटांनी. साडेबारा किलोवाल्या.

सासूबाई म्हणाल्या, "सेहेचाळीस. बरणीला एवढे लागले नसते."

नव्या फिल्टरच्या रबराला ताजं तेल लावलं. हाताने टेकेपर्यंत फिरवला. मग पाऊण फेरा. हात सोडला. तेल भरलं, इंजिन सुरू केलं. सात महिन्यांनी तो आवाज आला तर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले आणि खुर्ची मात्र आत नेली नाही. दोन मिनिटं चालवून बंद केलं. गळत नाही. खाली पांढरा कागद पसरून ठेवला.

आता प्रामाणिकपणे. नियम होता "माझ्या हातांनी". छिन्नी मिस्त्रीची, युक्ती त्याची, फडकं सासूबाईंचं, दिवा याचा, आणि रेघ तुटलेली आधी यानेच पाहिली. नियम करणारी मी, परीक्षा देणारी मी, तपासणारीही मीच. आमच्या खात्यात असा निकाल रद्द झाला असता. दुपारभर विचार केला. मग वाटलं, जूनमध्ये सगळं एकटीनेच केलं होतं, एकाही माणसाला न विचारता. त्याचं काय झालं ते समोरच आहे. निकाल कायम.

साहेबांना पत्र लिहिलं. उजव्या हाताने, एका ओळीत : मला फिरतीचंच काम हवं आहे. अक्षर वाकडं आहे. वाकडंच देणार. पत्र पिशवीत ठेवलं आहे.

संध्याकाळी हा दोन्ही हेल्मेटं पुसत बसला होता. माझं, आणि त्याचं मागे बसायचं.

"उद्या ऑफिसपर्यंत मी मागे बसून येऊ का? परत बसने जाईन मी."

"कशाला?"

"सहजच."

"ये. पण गाडीला धरून बसायचं, मला नाही. मला धरलंस तर हात मोकळा राहत नाही."

"बरं." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तो पाना मी परत पेटीत ठेवलाय. त्याच्या जागेवर."

बरं झालं ठेवला ते. मी पुन्हा कुठेतरी ठेवून विसरले असते.

एक कबुली राहिली. मघाशी कागद बघायच्या निमित्ताने खाली गेले, तेव्हा हात आपोआप फिल्टरवर गेला. अगदी थोडासा, खात्रीपुरता. बोटं टेकली होती. काढून घेतली आणि वर आले. आजच्या सगळ्या घावांपेक्षा तेच जड गेलं.

उद्या : निघण्यापूर्वी फिल्टरखालचा कागद बघणे. एकदाच.